वकीलबाई आणि साहेब

४ सप्टेंबर, बुधवार

बालवाडीच्या बाईंनी परत पाठवलं! चांगलं हसून, दारापर्यंत सोडायला येऊन परत पाठवलं. “बोलायला लागली की घेऊन या. शू आली तर सांगता यायला हवं ना हो? आमच्याकडे एवढी पोरं, कुणाकुणाच्या तोंडाकडे बघत बसणार?”

बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच जास्त राग आला. त्यांचा समोरचा एक दात नकली आहे आणि त्याचा रंग शेजारच्याशी जुळत नाही, तेवढं मात्र बघून घेतलं. दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईला एवढाच सूड घेता येतो.

थोरली सोबत होती. सात वर्षांची आहे, पण कुठे गप्प बसेल तर शपथ! पुढे होऊन म्हणाली, “बाई, ती सांगते! अशी एका पायावर उभी राहिली की शू, आणि अशी मान केली की पाणी.” दोन्ही करून दाखवलं. मागे धाकटी मान डोलावत होती — हो, अगदी असंच. बाई हसल्या. मला नाही हसू आलं.

साडेतीन वर्षांची झाली धाकटी. कान तपासून झाले, उत्तम. घसा, जीभ, सगळं जागच्या जागी. आतल्या खोलीत चॉकलेटचा कागद वाजला तरी बाहेरून धावत येते. सांगितलेलं सगळं कळतं, न सांगितलेलं आधी कळतं. पण बोलायचं म्हटलं की शब्द दोनच. ‘आई’ आणि ‘ताई’. बाकी सगळा कारभार बोटाने आणि ताईमार्फत.

५ सप्टेंबर

हा घरी आला की आमच्याकडे रोज कोर्ट भरतं. हा म्हणजे माझा नवरा. इस्पितळात वायरमन आहे, दिवसभर शिडीवर, त्यामुळे घरी आल्यावर खुर्चीतून उठायचं नाव नाही. धाकटीला समोर उभं करतो आणि थोरलीला विचारतो, “काय वकीलबाई, साहेब काय म्हणतायत आज?”

थोरली धाकटीच्या तोंडाकडे बघते. नुसतं बघते हं! धाकटी भुवया उडवते, नाकाचा शेंडा हलवते, कधी तेवढंही करत नाही. “ती म्हणतेय, काकूंनी आज तिला फ्रॉक उलटा घातला.” (शेजारच्या काकू दिवसभर सांभाळतात तिला.) बघते तर खरंच उलटा! “ती म्हणतेय, तिला तुझी बॅटरी हवीय.” “ती म्हणतेय, आम्हाला दोघींना बिस्किटं हवीत.” इथे साहेबांनी चमकून वकिलाकडे पाहिलं. बिस्किटं वकीलबाईंनाच हवी होती. पण मिळतायत म्हटल्यावर साहेबांनी काही हरकत घेतली नाही.

हा पोट धरून हसतो. मीही हसते. मग भांडी घासताना विचार सुरू होतात. जिथे थोरली नसेल तिथे हिचं कसं व्हायचं? ही काय म्हणतेय ते कोण सांगणार लोकांना?

७ सप्टेंबर, शनिवार

काकूंना बाहेर जायचं होतं, म्हणून दोघींना कामावर नेलं. मालक कुरकुरले. “बाई, ही कवळ्यांची लॅब आहे, पाळणाघर नाही.” आणि जरा वेळाने बघते तर दोघी त्यांच्याच टेबलापाशी! गुलाबी मेण, मेणात मांडलेले दात, बिजागरीवर उघडमीट करणारे प्लास्टरचे जबडे. पोरांना आणखी काय हवं? थोरलीने दातांच्या रंगांची पट्टी मालकांच्या तोंडाशी धरली आणि त्यांचा रंग कुठला ते मोठ्याने जाहीर केलं. पट्टीतला शेवटचा! मालकांनी तोंड मिटून घेतलं.

धाकटीने मेणाचा एक गोळा उचलला, मळला, आणि डब्यातले टाकाऊ दात त्यात ओळीने खोवत बसली. एकेक, सावकाश. पुढचे पुढे, दाढा मागे. मालक चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. “हिला राहू द्या इथेच. बोलत नाही हे तर फारच उत्तम.” मग माझा चेहरा बघून आवाज उतरवला. “बोलेल हो बाई. बोलेल.”

निघताना धाकटी माझ्या टेबलावरच्या एका आजींच्या कवळीकडे टक लावून बघत होती. थोरली म्हणाली, “ती म्हणतेय, ह्या आजींना चावताना लागेल. एक दात वाकडा बसलाय.”

पाहिलं. बसला होता. मीच बसवलेला!

८ सप्टेंबर

सासूबाईंचा फोन. “अगं, हाही चार वर्षांचा होईपर्यंत मुकाच होता, आता बघ!” आता तरी कुठे बोलतो, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

११ सप्टेंबर, बुधवार

बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. छोटी खोली, जमिनीवर चटई, खेळणी सगळी उंच फळीवर. मुद्दाम उंच ठेवलेली — मुलांनी मागावीत म्हणून. बाईंनी साबणाच्या फुग्यांची बाटली धाकटीच्या हातात दिली, झाकण घट्ट लावून. धाकटीने बाटली फिरवली, झाकणाशी झटापट केली, आणि मग ताईकडे पाहिलं. “ती म्हणतेय, उघडून द्या,” थोरली म्हणाली. बाई हसायला लागल्या.

“हिला बोलायची गरजच पडत नाही हो. मनात यायच्या आत वस्तू हजर!” मग थोरलीच्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, “तू फार छान ताई आहेस.” आणि मला — “मोठीला जरा थांबायला सांगा. धाकटीला वेळ द्या, वाट बघा. घाई नको.”

थोरली घरापर्यंत उड्या मारत आली. “आई, त्या म्हणाल्या मी फार छान ताई आहे. ऐकलंस ना?” ऐकलं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच वाक्य घोळत होतं.

१२ सप्टेंबर

सोक्षमोक्ष लावला! मला घोळ घालत बसायला आवडत नाही. थोरलीला समोर बसवलं आणि सांगितलं, आजपासून धाकटीच्या वतीने एक शब्द बोलायचा नाही. काही हवं असेल तर तिचं ती मागेल.

“पण आई, मला कळतं ना तिला काय हवंय ते.”

“कळलं तरी नाही.”

“खूप हवं असेल तर?”

“तरी नाही.”

“आणि ती रडली तर?”

तरी नाही म्हटलं. तिच्याच भल्याचं आहे, ती बालवाडीत जायला हवी की नको? थोरली स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, “मग मी काय करू?”

“तू खेळ ना! तुझं तू खेळ.” ह्यात एवढं विचारण्यासारखं काय आहे, कोण जाणे.

१४ सप्टेंबर, शनिवार

धाकटी फ्रिजसमोर. फ्रिजकडे बोट. “काय हवंय?” बोट. “बोलून सांग ना, राजा.” बोट! मग सवयीने ताईकडे पाहिलं. थोरलीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलेलं, डोळे हे एवढे मोठे. धाकटीला वाटलं, नवा खेळ आहे. तिनेही तोंड दाबलं आणि हातांच्या आतून खदखदून हसली.

मी दूध काढलं, केळं काढलं, सफरचंद काढलं. नाही, नाही, नाही. चीज! चीजच हवं होतं हे थोरलीला पहिल्यापासून माहीत होतं, तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण एक अक्षर फुटू दिलं नाही तिने. शाबास म्हटलं तिला.

१५ सप्टेंबर

घरात इतकी शांतता आहे की फ्रिजची घरघर ऐकू येते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

धाकटीने आज भरलेला पेला फेकला. दूध भिंतीपर्यंत! तिला काहीतरी सांगायचं होतं आणि मला ओळखता येत नव्हतं. भूक? नाही. झोप? नाही. कुठे दुखतंय का गं? लाथ! मग ताईकडे हात पसरून असा काही गळा काढला की काकू धावत आल्या. थोरली खिडकीकडे तोंड करून उभी. कानांत बोटं घातलेली. मी हिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतेय, आणि ती तशीच, पाठ करून.

नंतर मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. बाहेर आले तर थोरली गुडघ्यावर बसून दूध पुसत होती. “राहू दे गं, मी करते.” “होतच आलंय,” म्हणाली. धाकटीला काय हवं होतं, ते मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर माझाच नियम मोडला असता.

(मोज्यात खडा होता. मोजे काढताना सापडला. पिल्लू माझं!)

२० सप्टेंबर, शुक्रवार

‘पा’!!!

पाण्याच्या पेल्याकडे बघून, मग माझ्याकडे बघून, स्वच्छ ‘पा’! मला वाटलं भास झाला. पेला मागे लपवला. पुन्हा ‘पा’! नाचले मी. अक्षरशः नाचले, हातात झारा होता तो घेऊन. ह्याला फोन केला तर हा शिडीवर, तिथूनच ओरडला. सासूबाईंना फोन. काकूंच्या दारावर थापा. धाकटीने सगळ्यांसमोर ‘पा’ म्हणून दाखवलं आणि दर वेळी पाणी मिळालं, दर वेळी प्यायली. गादीचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

थोरलीनेही टाळ्या वाजवल्या. मग आत जाऊन चित्र रंगवत बसली. शहाणी आहे ती, तिचं काही बघावं लागत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

दोघींची डोकी धुतली. मला हे काम फार आवडतं. ओल्या केसांत दोघींची डोकी एवढीएवढीशी होतात, मानेवरची लव दिसते, कान उघडे पडतात. धाकटीचा उजवा कान थेट ह्याच्यासारखा, वरून जरा दुमडलेला. दर वेळी मी त्याची पापी घेते आणि दर वेळी ती कान पुसते.

साबण डोळ्यांत गेला तर थोरली आधी ओरडायची, “तिच्या डोळ्यांत जातंय!” आज तिने धाकटीच्या कपाळावर नुसता हात आडवा धरला. मला काही बोलली नाही. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत गेला तेव्हाही नाही बोलली. डोळे लाल झालेले मला टॉवेल गुंडाळताना दिसले.

२४ सप्टेंबर, मंगळवार

लवकर सुटले, म्हणून थोरलीला आणायला मीच गेले. सगळी पोरं घोळक्याघोळक्याने बाहेर पडली, फाटक रिकामं झालं, आणि मग आमची गोगलगाय निघाली, दप्तर जमिनीला घासत. “कशी झाली शाळा?” “झाली.” “बाई काय म्हणाल्या?” “काही नाही.”

एरवी घरापर्यंत तोंडाचा पट्टा सुरू असायचा. धाकटी आता काय करत असेल, धाकटीला हे पान दाखवायचंय, धाकटीला तो कुत्रा आवडेल. आता तो विषय मीच बंद केलाय. म्हटलं, तुझं सांग ना काहीतरी. बराच वेळ विचार करून तिने भिंतीवरचं एक मांजर दाखवलं. छान होतं मांजर. पण एवढंच?

रुसलीय माझ्यावर, दुसरं काय. येईल ठिकाणावर.

२८ सप्टेंबर, शनिवार

एका आजोबांची कवळी परत आली. ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते म्हणे! आजोबा स्वतःच आले होते. मालकांनी मला समोर बसवलं. म्हणा, साखर. शिट्टी. म्हणा, सोमवार. शिट्टी. मालक आत जाऊन हसून आले. मी कवळीला आतल्या बाजूने थोडा भर दिला, घासली, पुन्हा लावली, पुन्हा घासली. शेवटी आजोबा म्हणाले, “सासूबाई!” — स्वच्छ, गुळगुळीत. आम्ही दोघांनी टाळ्या दिल्या एकमेकांना.

जाताना म्हणाले, “घरी बोलायला तसं कुणी नाही हो. पण शिट्टी वाजायला लागली तसं स्वतःशी बोलायचीही चोरी झाली होती.” हसतच गेले.

परक्या आजोबांचा ‘स’ मी एका बैठकीत बसवून दिला. घरी मात्र ‘पा’वर गाडी अडलीय.

३० सप्टेंबर, सोमवार

ओट्याशी उभी होते. धाकटीने गाऊन ओढला आणि माझ्या हातात काहीतरी ठेवलं. दात! इवलासा, दुधाचा. आधी हिचं तोंड उघडून पाहिलं. हिचे सगळे जागेवर. मग बोट — ताईकडे.

थोरलीच्या खालच्या ओळीत खिडकी! “कधी पडला गं?” “काल शाळेत.” “काल कुठली शाळा, काल रविवार होता.” “मग त्याच्या आधी.” म्हणजे शुक्रवारपासून ही खिडकी घेऊन ही पोर माझ्यासमोर जेवतेय, आणि मला पत्ता नाही. लोकांच्या दातांवर पोट आहे माझं! “मला सांगितलं का नाहीस?” “तू धाकटीला ‘दे’ म्हणायला शिकवत होतीस.”

खरं आहे. शिकवत होते.

दात धुतला, पुसला, उजेडात धरून पाहिला. असा रंग आमच्या पट्टीत नाहीच, आम्हाला कधी बनवता यायचा नाही. तिला तसं म्हटलं तर जरा हसली. खिडकीसकट फार गोड दिसते. तिला जवळ घ्यायला गेले तेवढ्यात धाकटी मध्ये घुसली आणि मग तिघींचा गुंता झाला.

२ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा त्या बाईंकडे. ‘पा’, ‘दे’, ‘नाय’ — बाई खूश. आणि मग म्हणाल्या, “मोठी आज इतकी गप्प कशी?”

मी मोठ्या ऐटीत सांगितलं. कसा नियम केला, पोरीने कसा पाळला, एकदाही मोडला नाही. बाईंचा चेहरा उतरत गेला. “अहो, मी थांबायला सांगा म्हटलं होतं. गप्प बसवा नव्हतं म्हटलं.” मग खाली चटईवर थोरलीजवळ बसल्या. “घरी तुम्ही दोघी गप्पा मारता ना?”

“नाही.”

“का गं?”

“बोलता बोलता चुकून तोंडातून निघालं तर? तिला काय हवंय ते?”

म्हणजे इतके दिवस ती धाकटीशी बोललीच नव्हती! एकदाही नाही. खेळताना नाही, शेजारी झोपताना नाही. मी एवढासा नियम केला आणि ह्या पोरीने चूक नको म्हणून स्वतःच त्याच्याभोवती आणखी मोठं कुंपण घातलं. मला मेलीला कळलंसुद्धा नाही. मी आपली ‘पा’ घेऊन नाचत होते.

येताना तिचा हात घट्ट धरला होता. “आई, दुखतंय,” म्हणाली, तेव्हा सैल केला.

३ ऑक्टोबर

नियम रद्द! सकाळीच जाहीर केलं. काय हवं ते बोल, कितीही बोल, कुणाच्याही वतीने बोल! थोरली “बरं” म्हणाली आणि ब्रेड खात राहिली.

संध्याकाळी हा खुर्चीत बसला. “काय वकीलबाई, साहेब काय म्हणतायत?”

“तिलाच विचार ना बाबा. ती बोलते आता.”

हा माझ्याकडे बघायला लागला. मी ताटाकडे.

६ ऑक्टोबर, रविवार

दुपारी घर फारच शांत वाटलं म्हणून शोधायला गेले. दोघी जेवणाच्या टेबलाखाली! चादर सोडून भिंती केलेल्या. हे त्यांचं जुनं घर. शाळेतून आलं की थोरली बूटसुद्धा न काढता धाकटीला ओढून तिथे न्यायची. नियमाच्या दिवसांत ती चादर घडी घालून कपाटात पडून होती.

आतून थोरलीचा आवाज येत होता. हळू, सलग, न थांबता. शब्द कळत नव्हते आणि मी कान लावलाही नाही. मध्येच धाकटीचं “हं.” जरा वेळाने पुन्हा “हं.” एखाद्या पोक्त बाईसारखं! मी पाय न वाजवता मागे फिरले. जीव भांड्यात पडला माझा. झालं सगळं पहिल्यासारखं. ह्याला सांगितलं तर म्हणाला, “बघ, तू उगाच हातपाय गाळतेस.” नेहमी मी गाळते आणि नेहमी हा उचलून देतो, असा ह्याचा समज आहे. असू दे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

थोरलीचं पोट दुखतंय म्हणे. शाळेत नाही जायचं. ताप नाही, जीभ स्वच्छ. ठेवली घरी. दुपारी काकू सांगतात, टुणटुणीत! धाकटीला पाठीवर घेऊन घोडा घोडा चाललं होतं. संध्याकाळी ह्याने केक आणला, तोही दाबून खाल्ला. नाटकं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा पोट. आज पाठवलं. किती दिवस चालवून घ्यायचं? वाद घातला नाही, रडली नाही, निमूट बूट घातले. अगं, भांड ना माझ्याशी! धाकटीच्या एका बिस्किटासाठी घर डोक्यावर घेणारी पोर, स्वतःची पाळी आली की तोंडात मूग गिळून बसते. मला तिचं हे कळतच नाही.

आम्ही वळणापलीकडे जाईपर्यंत धाकटी काकूंच्या दारातून बघत होती. काकू म्हणाल्या, दिवसभर तिथेच बसून होती, ‘पा’सुद्धा म्हटलं नाही. एक पाऊल पुढे आणि दोन मागे! कधी जायची ही बालवाडीत?

११ ऑक्टोबर, शुक्रवार

धाकटी बोलली. अख्खं वाक्य.

सकाळी थोरली पुन्हा पोट धरून पलंगावर. माझा आवाज चढला — “बास झाली नाटकं, ऊठ, घाल बूट!” तर धाकटी आली आणि आमच्या दोघींच्या मध्ये उभी राहिली, हात आडवे पसरून. मला म्हणाली, “ताई डबा एकटी खाते.”

थोरलीने उशीत तोंड खुपसलं. आतून रडत म्हणाली, “कुणाला सांगू नको म्हटलं होतं ना तुला!”

मी हातातले बूट खाली ठेवले आणि तिच्या शेजारी जाऊन आडवी झाले.